वानवळ्याला गेलेले टमाटे

मी केलेल्या पहिल्या सॉसला आमच्या घरात कुणीही सॉस म्हटलं नाही. बाटली तिरकी केली की आधी पाणी यायचं, मग बराच वेळ काहीच यायचं नाही, आणि मग एकदम सगळा गोळा ताटात. मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. तिनं भजं बुडवून खाल्लं आणि फार मायेनं म्हणाली, "आई, सार म्हणून चांगलं झालंय."

उरलेल्या दोन बाटल्या मी फडताळात ठेवून दिल्या. उन्हाळ्याचे दिवस. एका दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते आणि फडताळात धाडकन आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. नवरा दचकून उठला. दार उघडलं तर भिंतीवर, लोणच्याच्या बरणीवर, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबशांवर लाल शिंतोडे.

"तेरखेड्याहून माल आणलीस का काय?" तो म्हणाला. तेरखेड्यात फटाके तयार होतात. आमच्या जिल्ह्यात एवढा एकच विनोद पुरतो, पुढचा आठवडाभर घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवण्यात आला.

शहाण्या बाईनं तिथंच नाद सोडला असता. पण माझं उलटं आहे. हसले लोक की मला चेव येतो. मी घरी ब्लाउज शिवते. माझा पहिला ब्लाउज असा झाला होता की बाहीत हात जायचा, पण परत यायचा नाही. शेजारणीला कात्री लावून सोडवावं लागलं होतं. आज गावातल्या निम्म्या बायका माझ्याकडूनच शिवून घेतात. तेव्हा सॉसचंही असंच काहीतरी होईल, असं मी स्वतःला सांगत होते.

तालुक्याच्या रस्त्यावर एक रोपवाटिका आहे. मिरचीची रोपं आणायला गेले तेव्हा सहज तिथल्या माणसाजवळ बाटल्यांची कहाणी सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, बाटल्या उकळून न घेणं ही चूक तुमची. पण पाणी सुटलं ती चूक टमाट्याची. कोशिंबिरीचं टमाटं वेगळं, आटवायचं वेगळं. जात बघून लावा."

इतक्या महिन्यांत माझी निम्मी चूक दुसऱ्या कुणावर तरी टाकणारा हा पहिला माणूस भेटला. मी खुशीत मिरचीची दुप्पट रोपं घेऊन आले.

आता जात बघून लावायची तर जागा पाहिजे. आमच्या विहिरीकडं एक तुकडा आहे. काळीभोर माती, पाणी हाताशी. तो सासूबाईंचा तुकडा. मी त्यांना आत्या म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं आत्यांची मेथी, कोथिंबीर, वांगी आणि त्यांचे ते गावरान टमाटे. गुडघे गेल्यापासून त्यांचं तिकडं जाणं कमी झालं आणि तुकडा पडून राहिला. नवऱ्याचा त्यावर डोळा होता. त्याला तिथं ऊस लावायचा होता. "ऊस लावला की बघायचं काम न्हाय," हे त्याचं उसाबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान.

मी एका संध्याकाळी भाकरी थापता थापता विषय काढला. तोंड तव्याकडं ठेवून बोललं की धीर येतो.

"विहिरीकडं मी टमाटे लावू का? सॉससाठी."

नवरा म्हणाला, "घरातलं फडताळ कमी पडलं व्हय?"

आत्या मात्र हसल्या नाहीत. लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "लाव की. पण एकच जात लाव. चार जातीचं चार लाड माझ्या रानात न्हाय चालायचं."

"आणि येळवशीच्या आत ठरव," नवरा म्हणाला. "येळवस झाली की म्या उसाचं बेणं आणून टाकणार. मग बोलायचं न्हाय."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात घराला कुलूप लावून सगळे रानात जेवायला जातात. तिला अजून बराच अवकाश होता. मी हो म्हणाले. करपलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली.

मला तो तुकडा हवा होता. सॉस हे एक कारण झालं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं या घरात मी रांधलं, शिवलं, खुरपलं, पण 'इथं हे लावू' असं माझं एकही वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मी कधी बोललेच नव्हते, हा भाग वेगळा. आता बोलले होते, आणि येळवशीला 'काही ठरलं नाही' म्हणायची वेळ आली असती तर पुन्हा बोलले नसते. माझा स्वभाव मला माहीत आहे.

गणपती झाल्यावर मी विहिरीजवळ धुण्याच्या दगडामागं चार जातींची थोडी थोडी रोपं लावली. नुसती परीक्षा घ्यायला. एक आत्यांचं गावरान, चपटं, राखेत घोळून ठेवलेल्या बियाचं. एक बाजारात मिळतं तसं गोल, गुळगुळीत. एक लांबडं, अंड्यासारखं, रोपवाटिकेवाल्यानं 'हे आटवायचं' म्हणून दिलेलं. आणि चौथं बोरासारखं बारकं, मुलीच्या हट्टापायी. कोणतं कुठलं ते कळावं म्हणून ब्लाउजच्या कापडाच्या चार रंगांच्या चिंध्या काठ्यांना बांधल्या. नवऱ्यानं विचारलं, "जत्रा कधी हाय?" फळं धरल्यावर कळलं, चिंध्यांची काही गरजच नव्हती. डोळे मिटून हात लावला तरी कोणतं टमाटं कुठलं ते कळत होतं.

बारक्यांचा निकाल आधी लागला. विहिरीवर पाण्याला येणारा, मोटार चालू करायला येणारा, सहज वाकून बघणारा, प्रत्येक जण एकेक तोडून तोंडात टाकायचा. मीही त्यातलीच. त्या जातीचं एकही फळ स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नाही. जे घरापर्यंत येत नाही त्याचा सॉस कसा करणार?

राहिल्या तीन. दिवाळीनंतर रंग चढायला लागला. माझं सगळं ठरलेलं होतं. तिन्ही जाती पुरेशा पिकल्या की प्रत्येकीचे सारखेच टमाटे तोलून घ्यायचे, एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, एकामागून एक आटवायचे, आणि कुणाचं किती उरतं, कसं लागतं ते बघायचं. एवढं शास्त्रशुद्ध काम मी आयुष्यात पहिल्यांदा करणार होते. त्यासाठी झाकणाच्या नव्या बाटल्या आणायला आणि दुखणारी दाढ दाखवायला मी एक दिवस उमरग्याला गेले. दाढेच्या दवाखान्यात गर्दी होती, बाटल्यांच्या दुकानात घासाघीस झाली, हायवेवर एसटी वेळेवर आली नाही. निम्मा गाल बधिर आणि पिशवीत बाटल्या खणखणत संध्याकाळी रानात उतरले. सरळ विहिरीकडं गेले.

झाडं हिरवीगार. एक लाल टमाटं दिसेना.

आत्या विहिरीच्या कठड्याजवळ खुर्चीत बसल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना गाडीवरून आणलं होतं. कितीतरी दिवसांनी त्या रानात आल्या होत्या आणि चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखं समाधान होतं.

"आत्या, तमाते कुत्तं?" बधिर जिभेला अक्षरं जमेनात.

"दिलं की वानवळ्याला."

"तगळे?"

"सगळं म्हंजे, पिकल्यालं तेवढं. हिरवं हाय की झाडाला."

रानात नवं काही आलं की थोडं थोडं शेजारी, सोयऱ्यांना पाठवायचं, त्याला वानवळा म्हणतात. हे मला काही नवीन नाही. पण आमच्या आत्यांचा नियम त्याहून कडक. पहिला तोडा घरात शिजवायचाच नाही. आधी सगळा बाहेर जायचा. मग दुसऱ्या तोड्यापासून आपल्या चुलीवर. इतकी वर्षं मी तो नियम पाळत आले होते, आणि या खेपेला मी तो साफ विसरले होते. माझ्या डोक्यात ती परीक्षा होती. आत्यांच्या डोक्यात तो पहिला तोडा होता.

मी नवऱ्याकडं वळले. "अहो, तुमाला तली कलायचं की!"

"मला वाटलं तूच सांगितलंस आईला. म्याच तोडलं सगळं, कंबर धरली माझी," तो म्हणाला. "आणि काळजी करू नको, मिसळून घातलंय. सगळ्यांना सगळ्या जातीचं."

मिसळून! मी धुण्याच्या दगडावर बसले. रडावं असं वाटत होतं, पण गाल बधिर असताना रडणंही नीट जमत नाही, एका बाजूनंच होतं. हिरवं एक टमाटं तोडलं आणि तसंच चावलं. त्याची चवही लागली नाही.

थंडी पडायला लागली होती. थंडीत टमाटे पिकायला वेळ घेतात. झाडावरची हिरवी फळं येळवशीपर्यंत काही लाल होत नव्हती. पुढच्या चार दिवसांत नवरा दोनदा बेण्याबद्दल फोनवर बोलला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नव्या बाटल्या पिशवीतून काढल्याच नाहीत.

आणि मग डबे परत यायला लागले.

आमच्याकडं वानवळ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पण या वेळी आत्यांनी टमाटे दिलेच इतके होते की प्रत्येक घरात त्याचं काही ना काही शिजलं होतं, आणि जे शिजलं होतं तेच भांड्यात घालून परत आलं.

पहिली आली शेजारच्या रानातली काकू. अंगणवाडीत सेविका आहे, माझ्यापेक्षा थोडी मोठी, तोंडानं फटकळ. डबा माझ्या हातात देत म्हणाली, "घे बाई तुझ्या टमाट्याची चटणी. पण मला एक सांग, ती लांबडी टमाटी हायेत का वांगी?"

"का हो, काय झालं?"

"चिरली तर विळी कोरडी! पाणीच न्हाय आत. सगळा गर. कढईत टाकली, झाकण ठेवायच्या आत आटली. शेंगाचा कूट घातला, झाली चटणी. आणि ती गोल होती ना, ती डाळीत घातली. त्याच्या साली वर तरंगायल्या जणू पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या. आमच्या ह्यांनी एकेक साल काढून ताटाच्या कडंला लावली, आणि शेवटी म्हणाले, डाळ कुठंय?"

मी डबा उघडून तिथंच उभ्या उभ्या बोटानं चटणी चाखली. दाट होती. चमचा उभा राहिला असता. काकू गेल्यावर मी बराच वेळ तो डबा हातात घेऊन उभी होते. मला करायची होती ती परीक्षा दुसऱ्यांच्या चुलींवर आपोआप चालू होती. मला फक्त निकाल गोळा करायचे होते.

मग मी लाज सोडली. आत्यांनी कुणाकुणाला दिले ते विचारून घेतलं आणि एकेकाला फोन लावला. अणदूरला माझी धाकटी नणंद दिलेली आहे. तिच्याकडं पिशवी गेली होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण आत्या समोरच बसल्या होत्या.

"वहिनी, आईचं टमाटं ते आईचंच!" नणंद म्हणाली. "सार केलं. पोरांनी वाटी चाटून पुसून ठेवली."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि खुशाल पाय लांब केले.

"आणि सॉस केला असता तर झाला असता का, ताई?" मी विचारलं.

"कशाचा सॉस, वहिनी! नुसतं पाणी आणि बिया. गाळून गाळून हात भरून आले. पातेलंभर टमाट्याचं वाटीभर सार झालं. पण चव..."

"बस झालं, ठेव फोन," आत्या म्हणाल्या.

नवऱ्याचे चुलते तर पिशवी घेऊन स्वतःच आले. आत गोल टमाटे होते तसेच, जसे दिले तसे, चकचकीत. "सूनबाई, हे ठेवून बघितलं," ते म्हणाले. "सुकंना बी, नासंना बी. लोखंडाचं बी पेरलंव का?"

गोल बाद झालं. लांब गावाला पाठवायला ते चांगलं असेल, पण माझा सॉस कुठं गाडीत बसून जाणार होता?

आता राहिलं लांबडं आणि गावरान. आणि इथं माझी खरी पंचाईत झाली. ज्या ज्या घरी विचारलं तिथं एकच उत्तर, वेगवेगळ्या तोंडानं. आटवायला लांबडं, चवीला गावरान. मी झाडावरचं एक रंग धरलेलं लांबडं तोडून ताटात चिरून खाल्लं. गर भरपूर, पण चव भिजवलेल्या पुठ्ठ्याची. दाट सॉस करावा आणि त्यात चव नसावी, का चवीचा करावा आणि तो पुन्हा बाटलीतून आधी पाणी, मग गोळा? नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. त्याचं उत्तर ऊस.

आत्या एकदा जेवताना म्हणाल्या, "लाव ते लांबडं. काकू म्हणती, सगळ्या म्हणत्यात. माझं टमाटं आता कुणाला पाहिजे?"

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी काही उत्तर दिलं असतं. पण त्या साध्या आवाजात बोलल्या आणि ताटातली भाजी हळूहळू संपवली. त्यांनी इतकी वर्षं ते बी राखेत घोळून जपलं होतं. मला एवढं कळत होतं की मी त्यांच्या रानात त्यांचंच टमाटं काढून दुसरं लावायला निघाले होते, आणि तेही सॉससाठी, जो त्यांना मुळात आवडत नव्हता.

येळवस आली. भल्या सकाळी आम्ही रानात. नवऱ्यानं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली, आत पाच पांडव म्हणून पाच पांढरे दगड पूजले, सगळ्या शेतात आंबील शिंपडून झाली. मी पहाटेपासून मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर करत होते. त्या दिवशी रानातून जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून सगळंच जास्त करावं लागतं. दुपारी उमरग्याहून दीर आणि माझी धाकटी जाऊ आली. जाऊ पलीकडची, कर्नाटकातली. मराठी छान बोलते, पण मला अक्का म्हणते आणि आत्यांना अत्ते. तिनं पिशवीतून एक डबा काढला. आमचाच डबा. वानवळा घेऊन गेलेला.

"अक्का, रिकामा कसा आणायचा? गोज्जू केलाय."

गोज्जू म्हणजे त्यांच्याकडचं टमाट्याचं दाट, आंबट-तिखट तोंडीलावणं. सगळ्यांच्या पानात एकेक चमचा पडला. मी उंड्याबरोबर पहिला घास घेतला आणि थांबले. पाण्याचा एक थेंब बाजूला सुटला नव्हता. आणि चव होती. आंबट, थोडी गोड, मागून तिखट. मी ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप करत होते, ती ही होती.

"लांबडं टमाटं आहे ना हे?" मी विचारलं. नवऱ्यानंही मान हलवली, "लांबडंच. दिसतंय की दाट."

आत्यांनी बोट चाटलं. परत एकदा बोट बुडवून चाटलं. डोळे बारीक केले.

"ह्यात माझं टमाटं हाय."

"आई, आता तुझं टमाटं सगळीकडंच दिसणार तुला," दीर म्हणाला.

"दिसायला मला चष्मा लागतो. चव घ्यायला काय लागत न्हाय. ह्यात माझं हाय."

जाऊ घाबरली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. "हो अत्ते," ती म्हणाली. "लांबडे सगळे घालून शिजवलं. चाखलं तर सप्पक लागलं. चिंच घालणार होते, पण घरात चिंच संपलेली. मग तुमच्या डब्याच्या तळाशी ती चपटी राहिली होती, तीन-चार. ती चिरून घातली आणि अजून थोडं आटवलं."

आत्या मागं टेकून बसल्या. इतक्या ऐटीत मी त्यांना लग्नाच्या मांडवातही बघितलं नव्हतं.

"बघा," त्या म्हणाल्या. "गर त्या लांबड्याचा लागतो तुमाला. पर जीव माझ्या टमाट्यानं यायलाय."

मला हसूही येत होतं आणि रडूही. या वेळी दोन्ही गाल जागेवर होते. माझ्या सगळ्या फोनांतून, सगळ्या विचारण्यातून जे सुटत नव्हतं ते चिंच संपल्यामुळं सुटलं होतं. मी इतके दिवस या दोघांपैकी एक निवडत बसले होते. एका पातेल्यात दोन्ही घालायचं हे मला, रोज दोन डाळी मिसळून आमटी करणारीला, सुचलं नव्हतं.

पण अट होती. मी घाबरत घाबरत म्हणाले, "आत्या, मग दोन जाती लावाव्या लागतील."

नवरा लगेच मध्ये पडला. "आई, एकच जात म्हणालतीस तू."

"कोण म्हणालं?"

"तूच! लसूण सोलताना."

"म्या लावायची एक म्हणाले आसंन. चवीची कोण धरतंय त्यात? मीठ काय जातीत मोजतो का आपण?"

दिरानं उंडा तोंडात घालून हसू दाबलं. आत्या काठीवर भार देऊन उठल्या. जाऊनं आणि मी दोन्ही बाजूंनी हात दिला. आम्ही तिघी कोपीपासून विहिरीपर्यंत चालत गेलो, मधे मधे थांबत. मागून नवरा, हातात आंबिलीचा पेला. तुकड्याच्या कडेला उभं राहून आत्यांनी काठीनं दाखवलं.

"हिकडच्या बांधाला लागून दोन सऱ्या माझ्या. बाकी सगळं तिचं लांबडं."

"आणि माझा ऊस?" नवरा म्हणाला.

"तिकडं पांदीकडं लाव. तुला बघायचं न्हायच की त्याच्याकडं. मग जवळ कशाला पाहिजे?"

नवऱ्यानं पेला संपवला. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी दोघी एक झाला व्हय?" आम्ही एक झालो होतो का ते मलाही नक्की माहीत नव्हतं. त्या त्यांच्या टमाट्यासाठी बोलल्या होत्या, मी माझ्या. तुकडा मात्र एकच होता.

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत लांबड्याच्या रोपांची मागणी सांगितली. गावरानाची रोपं आत्यांनी कुणाला करू दिली नाहीत. एका फुटक्या घमेल्यात माती भरून घेतली, स्वतः बी टाकलं, आणि ते घमेलं ओट्यावर त्यांच्या नजरेसमोर. मी पाणी घालायला गेले की, "हळू, बाई, हळू. ते लांबडं न्हाय."

संक्रांतीच्या सुमाराला झाडावरचे राहिलेले टमाटे पिकले तेव्हा मी एकदा करून बघितलं. लांबडे जास्त, चपटे थोडे. बाटल्या उकळून घेतल्या. किती चपटे घालायचे ते अजून पक्कं सापडलेलं नाही. पहिल्या पातेल्यात जरा जास्त पडले, सॉस आंबट झाला. दुसऱ्यात कमी पडले. तिसऱ्याच्या वेळी काकू आली होती. तिनं चमचा चाटला, मान वाकडी केली आणि म्हणाली, "हां. आता बाजारातला वाटत न्हाय." मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

माघ लागला आणि लागवडीचा दिवस आला. नवरा पहाटेच ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं खांद्यावर घेऊन विहिरीकडं आला. तो कुरकुरत होता, पण आला होता. आत्या खुर्चीत, मांडीवर त्यांचं घमेलं. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांचे ट्रे मी बांधावर सावलीत मांडले. हवा थंड होती, माती भुसभुशीत झाली होती. पाना-पानावर रोग येऊ शकतो, उन्हाळा कडक असू शकतो, बाटल्यांना गिऱ्हाईक मिळेल न मिळेल, हे सगळं मला माहीत होतं. तरी मला त्या दिवशी त्याची भीती वाटत नव्हती.

नवऱ्यानं नळी सोडवली, एक टोक हातात धरलं आणि तुकड्याच्या मधोमध उभा राहिला. सवयीनं त्यानं आत्यांकडं बघितलं. आत्या घमेल्यातलं एक रोप बोटांनी मोकळं करण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"अगं, नळी कुठून वढू?"

मी एकदा उताराकडं बघितलं, एकदा विहिरीकडं. "इकडून," मी म्हणाले. "वरच्या बांधापासून सुरू करा, आणि दोन सऱ्यांत अंतर जरा जास्त ठेवा. लांबड्याला काठ्या लागतील."

"बरं," तो म्हणाला, आणि नळी ओढत वरच्या बांधाकडं गेला.